नवे गाणे घरात येते तेव्हा

२०१९ सालची गोष्ट. फेब्रुवारीत 'गली बॉय' हा चित्रपट आला होता आणि मधल्या सुट्टीत मुले बाकावर ठेका धरून भराभर काहीतरी म्हणू लागली होती. एके दिवशी नववीच्या वर्गात मराठीचा तास चालू असताना मागच्या बाकावरचा एक मुलगा मान खाली घालून लिहीत बसलेला दिसला. जवळ जाऊन पाहिले तर दोनशे पानी वही जवळजवळ भरत आलेली. अर्धे शब्द मराठी, अर्धे आपल्या घराघरांत बोलल्या जाणाऱ्या दखनीतले. 'आता रॅप लिहिणार होय? एवढे कष्ट व्याकरणावर घेतले असतेस तर!' असे आम्ही म्हणालो. वर्ग हसला. वही आम्ही टेबलाच्या खणात टाकली.

वार्षिक परीक्षा झाल्यावर ती परत दिली. वही हातात घेताना मुलाने एकच विचारले, 'सर, तुम्ही वाचली का?'

आम्ही वाचली नव्हती. तीन आठवडे ती वही आमच्या हाताशी होती आणि आम्ही तिचे एक पानही उघडले नव्हते.

दहावीनंतर तो मुलगा एमआयडीसीत कामाला लागला. दोन वर्षांनी बारामतीच्या एसटी स्टँडवर भेटला. सलाम-दुआ झाली, घरच्यांची विचारपूस झाली. 'लिहितोस का अजून?' असे आम्ही विचारले. 'नाही सर, ते सुटलं,' तो म्हणाला. बोलण्यात तक्रार नव्हती, राग नव्हता. त्याची गाडी लागली, तो गेला. आम्ही कऱ्हाटीच्या गाडीत बसलो आणि घर येईपर्यंत एकच गोष्ट मनात घोळत राहिली. पाठ्यपुस्तकातली कविता आम्ही मुलांना वर्षानुवर्षे शिकवत आलो; पण आमच्या वर्गात, आमच्या समोर लिहिली गेलेली कविता मात्र न वाचताच जप्त केली.

हा लेख त्या मुलासाठी उशिराने लिहिलेला आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरात आज अशी एखादी वही असेल, किंवा कानात इयरफोन घालून बसलेला मुलगा वा मुलगी असेल. ती मुले काय ऐकतात, कोणाचे ऐकतात आणि त्यातले काय घ्यावे, काय सोडावे, याचा विचार मोठ्यांनी न ऐकताच करता येणार नाही, हे आम्हाला अनुभवाने पटले.

स्वतंत्र गाणे म्हणजे काय?

आपल्या पिढीला गाणे म्हटले की चित्रपट आठवतो. निर्माता पैसा घालतो, गीतकार लिहितो, संगीतकार चाल लावतो, गायक गातो आणि कंपनी ते विकते. दुसरा प्रकार कॅसेटचा. उरुसात, आठवडे बाजारात कव्वालीच्या कॅसेटी मांडलेल्या असत, त्यातल्या दोन-चार आपण घरी आणत असू. पण त्यांच्याही मागे कंपनी असेच.

आजची मुले ज्याला 'इंडी' म्हणतात ते गाणे याहून वेगळे आहे. इंडी म्हणजे स्वतंत्र. लिहिणारा, गाणारा आणि खर्च करणारा बहुधा एकच. तयार ठेका, ज्याला ही मुले 'बीट' म्हणतात, तो इंटरनेटवरून घ्यायचा किंवा मित्राकडून बनवून घ्यायचा. खोलीचा पंखा बंद करून मोबाइलवर आवाज भरायचा. गल्लीत चित्रीकरण करायचे आणि यूट्यूबवर टाकायचे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, इंटरनेट स्वस्त झाले आणि हे सारे गावोगावच्या मुलांच्या आवाक्यात आले. २०१९ मध्ये स्पॉटिफाय भारतात आले. अशा ठिकाणी गाणे पोहोचवण्यासाठी आता मोठ्या कंपनीचे दार ठोठवावे लागत नाही. थोडे शुल्क घेऊन किंवा कमाईतला वाटा घेऊन हे काम करणाऱ्या मध्यस्थ सेवा आहेत.

मात्र यात पैसा लगेच मिळतो असे कोणी समजू नये. यूट्यूबवर जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा हवा असेल तर किमान १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तास पाहिले गेल्याची नोंद लागते. स्पॉटिफायने २०२४ पासून असा नियम केला आहे की वर्षात १,००० वेळाही न ऐकल्या गेलेल्या गाण्याला काहीच मिळणार नाही. म्हणजे शंभरातला एखादा पुढे जातो, बाकीचे हौसेवर चालतात. ज्या घरात मुलगा 'मला हेच करायचंय' म्हणत असेल, त्या घरातल्या मोठ्यांनी हे आकडे त्याच्याबरोबर बसून पाहावेत. ओरडण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

इंदापूरच्या रस्त्यावरची आठवण

कंपनीशिवाय, स्टुडिओशिवाय गाणे लोकांपर्यंत नेणे ही काही आजची नवलाई नाही. आपल्या भागातून पुणे-सोलापूर रस्त्याने जाताना इंदापूर लागते. याच इंदापूरजवळ २९ ऑगस्ट १९६९ रोजी मोटार अपघातात एक माणूस अल्लाहला प्यारा झाला. त्यांचे मूळ नाव महबूब हुसेन पटेल. महाराष्ट्र त्यांना शाहीर अमर शेख म्हणून ओळखतो.

त्यांचा जन्म २० ऑक्टोबर १९१६ रोजी बार्शीचा. घरची गरिबी. बसवर क्लीनर म्हणून राबले, गिरणीत कामगार झाले, संपात उतरले. गाण्याचा पहिला संस्कार आई मुनेरबी यांचा. ओव्या आणि लोकगीते त्यांनी आईच्या तोंडून ऐकली. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर त्यांनी लालबावटा कलापथक उभे केले. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत आणि गोवामुक्तीच्या लढ्यात त्यांचा पहाडी आवाज गावोगाव घुमला. हातात डफ, पाठीशी चार साथीदार आणि समोर मैदानात बसलेले हजारो लोक. त्यांच्या कवितांचे 'कलश' आणि 'धरतीमाता' हे संग्रह आहेत.

आमच्या घरी अम्मींना आम्ही हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, 'मग त्यांची आईच खरी शायरा.' अम्मींचे म्हणणे चुकीचे नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या रचणाऱ्या बायांचे नाव कोणत्या कॅसेटवर आले नाही. पहाटे दळता दळता त्यांनी सासर, माहेर, भाऊ, पाऊस, भूक सारे गाण्यात घातले. त्यांनाही कोणी विचारले नव्हते की तुम्हाला गाण्याचा हक्क आहे का.

जात्यावरची बाई, मैदानातला शाहीर आणि मोबाइलवर आवाज भरणारा पोरगा. तिघांची साधने वेगळी, पण आपले सांगणे आपल्या बोलीत, कोणाची परवानगी न मागता सांगायचे, ही रीत एकच. रॅप ज्या हिपहॉपमधून आला त्याचा जन्म ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, एका इमारतीत भरलेल्या घरगुती मेळाव्यात झाला असे मानतात. तोही गरीब कृष्णवर्णीय वस्तीचाच आवाज होता.

आम्ही काय काय ऐकले

एसटी स्टँडवरच्या त्या भेटीनंतर आम्ही ठरवले की आधी स्वतः ऐकायचे. त्यातले काही वाचकांसमोर ठेवतो. ही आमची मते आहेत. तुमची वेगळी असू शकतात.

कुर्ल्याचा नावेद शेख, म्हणजे नेझी. त्याने 'आफत' हे गाणे एका आयपॅडवर ध्वनिमुद्रित केले, त्यावरच चित्रीकरण केले आणि २०१४ च्या सुरुवातीला इंटरनेटवर टाकले. स्टुडिओ नाही, कंपनी नाही. पहिल्यांदा ऐकले तेव्हा आम्हाला एक शब्द कळला नाही. तिसऱ्यांदा ऐकताना लक्षात आले की हा मुलगा श्वास कुठे घ्यायचा हे फार विचारपूर्वक ठरवतो आणि काफिया ओळीच्या शेवटी न ठेवता ओळीच्या पोटातही गुंफतो. कारागिरीला पैकीच्या पैकी गुण. मात्र स्वतःचीच फुशारकी बरीच आहे. २०१५ मध्ये डिव्हाइन या रॅपरबरोबर त्याने केलेले 'मेरे गली में' आम्हाला अधिक आवडले, कारण त्यात 'मी' मागे सरून गल्ली पुढे येते. 'गली बॉय' हा चित्रपट या दोघांच्या आयुष्यावरून सुचला.

बिलाल शेख, म्हणजे एमीवे बंटाय. मुलांचा फार आवडता. कोणत्याही मोठ्या कंपनीच्या दारात न जाता त्याने स्वतःचा श्रोता स्वतः मिळवला, ही गोष्ट घेण्यासारखी. पण दुसऱ्या रॅपरांना उत्तर देण्यासाठी केलेल्या गाण्यांत शिव्या आहेत. मुलाला आम्ही सांगितले, 'याची मेहनत घे, याची जीभ घेऊ नकोस.'

गोवंडीची सानिया मिस्त्री. रिक्षाचालकाची मुलगी. हिजाब घालून, शाळकरी वयातच स्वतः लिहिलेले रॅप म्हणू लागली आणि वर्तमानपत्रांनी तिची दखल घेतली. तिचा विषय आपली वस्ती, गरिबी आणि मुलींना ऐकावे लागणारे टोमणे. आमची मुलगी तिचे ऐकून एकदम गप्प झाली आणि मग म्हणाली, 'अब्बा, ही आपल्यासारखीच बोलते.' एखाद्या मुलीला आपले बोलणे गाण्यात पहिल्यांदा ऐकू येते, तेव्हा तिच्या मनात काय होत असेल याचा विचार आम्ही पूर्वी केला नव्हता.

मुंबईच्या 'स्वदेसी' या गटाचे २०१९ चे 'द वारली रिव्होल्ट'. आरेच्या जंगलात पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या वारली आदिवासींची बाजू मराठीत मांडणारे. आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचाही आवाज त्यात आहे. आमच्या वहीत सर्वांत जास्त गुण याला पडले. अमर शेखांचा डफ इथे संगणकात गेला आहे, पण सूर तोच आहे.

अमरावतीकडचे सौरभ अभ्यंकर वऱ्हाडी बोलीत रॅप करतात. आमच्या कऱ्हाकाठच्या कानाला काही शब्द अडतात, पण बोलीची लाज न बाळगता ती ठसक्यात म्हणणे ही मुलांना शिकवण्यासारखी गोष्ट आहे. वर्गात 'शुद्ध बोल' म्हणून आपण मुलांचे तोंड किती वेळा बंद करतो!

२०२४ मध्ये गाजलेले क्रेटेक्स आणि श्रेयस यांचे 'तांबडी चामडी'. नेदरलँड्सच्या एका मोठ्या नृत्यसंगीत कंपनीने ते प्रकाशित केले, मराठी शब्द जगभर पोहोचले, याचा आनंद आहे. पण ठेका बाजूला केला तर हातात फार थोडे उरते. घरातल्या लहानग्याने नाचून दाद दिली. अम्मींनी खोलीचे दार लावून घेतले.

घरातला खरा प्रश्न

इथपर्यंत वाचून काही वाचक म्हणतील, 'सर, हे सारे ठीक आहे, पण दीन काय सांगतो?' प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून पुढे जाणे बरोबर नाही. आम्ही आलिम नाही. फतवा देणे हे आमचे काम नाही. एवढेच सांगतो की उलेमांमध्ये याविषयी मतभेद आहेत. सूरह लुकमानच्या सहाव्या आयतीत माणसाला अल्लाहच्या मार्गापासून भुलवणाऱ्या निरर्थक बोलण्याचा निषेध आहे आणि हजरत इब्ने मसऊद (रजि.) यांनी त्याचा अर्थ गाणे असा सांगितला. बुखारी शरीफमधल्या वाद्यांविषयीच्या हदीसच्या आधारे अनेक उलेमा डफ सोडून बाकी वाद्ये वर्ज्य मानतात. दुसरीकडे त्याच बुखारी शरीफमध्ये ईदच्या दिवशी हजरत आयशा (रजि.) यांच्या घरी दोन मुली गात असल्याचा प्रसंग आहे. हजरत अबू बक्र (रजि.) त्यांना रागावले, तेव्हा रसूलुल्लाह (सल्ल.) यांनी त्यांना गाऊ द्या, आज ईद आहे, असे सांगितले. इब्ने हज्म यांनी गाणे मुबाह मानले, तर इमाम गझाली यांनी आपल्या 'इह्या'मध्ये या विषयावर स्वतंत्र प्रकरण लिहून वेळ, जागा आणि सोबत कोणती, हे पाहावे असे सांगितले.

ज्या घराने वाद्य वर्ज्य मानले आहे, त्या घराचा आम्ही आदर करतो. आमच्या अम्मींचेही मत तेच आहे आणि त्यांच्या खोलीत आम्ही काही वाजवत नाही. अशा घरांसाठीही नव्या आवाजांत पुष्कळ आहे. माहेर झैन यांनी २००९ साली पहिला संग्रह काढला तेव्हा केवळ डफासारख्या तालवाद्यांवरची आवृत्तीही निघाली. रॅप तर मुळात शायरीच आहे. ठेका काढून टाकला तरी ती उभी राहते, किंबहुना ती उभी राहते की नाही हे तेव्हाच कळते. आणि शायरीविषयी सूरह शुअराच्या अखेरच्या आयतींत फार मोलाची कसोटी आहे. जे शायर दिशाहीन भटकतात आणि जे करत नाहीत ते बोलतात, त्यांचा तिथे निषेध आहे. पण ईमान राखणारे, सत्कर्म करणारे आणि जुलूम झाल्यावर त्याला उत्तर देणारे त्यातून वगळले आहेत. हजरत हस्सान बिन साबित (रजि.) हे तर रसूलुल्लाह (सल्ल.) यांचे शायर होते.

या संदर्भात युसूफ इस्लाम यांची गोष्ट आम्हाला नेहमी आठवते. कॅट स्टीव्हन्स या नावाने ते जगप्रसिद्ध गायक होते. डिसेंबर १९७७ मध्ये त्यांनी इस्लाम स्वीकारला, गाणे सोडले, गिटारी विकून पैसा चांगल्या कामाला दिला आणि १९८३ मध्ये लंडनमध्ये मुलांसाठी शाळा काढली. पुष्कळ वर्षांनी त्यांच्या मुलाने घरात गिटार आणली. बापाने ती फेकली नाही. पुन्हा हातात घेतली, आपल्या जुन्या भूमिकेचा नव्याने विचार केला आणि २००६ मध्ये नवा संग्रह काढला. त्यांचा निर्णय सर्वांना पटला नाही. पण एका बापाने मुलाने आणलेली वस्तू पाहिली आणि विचार केला, एवढे तरी आपल्याला घेता येईल.

आमची शुक्रवारची वही

आमच्या घरी आता एक पद्धत पडली आहे. शुक्रवारी इशानंतर जेवणे आटोपली की मुलांपैकी एकाने एक नवे गाणे आणायचे. अट अशी की ते मोठ्या कंपनीचे किंवा चित्रपटाचे नसावे. एकदा ठेक्यासह ऐकायचे. मग मुलाने त्याचे शब्द वहीत उतरवून नुसते वाचून दाखवायचे. या वाचनाला अम्मीही येऊन बसतात. त्यानंतर प्रत्येकाने चार ओळींत मत लिहायचे. मत लिहिताना पाच प्रश्न समोर ठेवतो.

पहिला, सांगणारा खरे सांगतो का? स्वतः न पाहिलेली गाडी, न केलेली मारामारी आणि न कमावलेला पैसा गाण्यात असेल तर गुण कमी.

दुसरा, हे दादी-नानीसमोर वाचता येईल का? एखादा कडक शब्द रागाच्या भरात येणे वेगळे आणि शिवीवरच गाणे उभे असणे वेगळे, हा फरक मुलांना बरोबर कळतो.

तिसरा, गाणे कोणाच्या बाजूने आहे? दुबळ्याच्या की दुबळ्याची टिंगल करणाऱ्याच्या? बाईविषयी ते कसे बोलते?

चौथा, कारागिरी कशी आहे? रॅपमध्ये सहसा चार ठोक्यांची एक ओळ आणि अशा सोळा ओळींचे एक कडवे असते. या मापात शब्द बसवणे हे गझलेत काफिया-रदीफ सांभाळण्याइतकेच कसबाचे काम आहे. शब्द कोंबले आहेत की बसवले आहेत, हे कान लावला की समजते.

पाचवा, ऐकून झाल्यावर काय झाले? नमाज चुकली, अभ्यास बुडाला, मन अस्वस्थ झाले, की काही नवे कळले? हा प्रश्न आम्ही इमाम गझालींकडून घेतला आहे असे म्हणायला हरकत नाही.

पहिल्या महिन्यात मुले आमच्या मर्जीचे लिहीत. 'छान आहे, बोधप्रद आहे' असे. मग एकदा आम्हाला आवडलेल्या एका नातला आमच्या मुलीने दहापैकी चार गुण दिले. 'शब्द चांगले आहेत, पण चाल एका जुन्या सिनेमाच्या गाण्याची उचललीय. नबींच्या तारीफला उसनी चाल कशाला?' असे तिने लिहिले. त्या दिवशी आम्हाला कळले की वही कामाला लागली. परीक्षण म्हणजे नावे ठेवणे नव्हे आणि वाहवा करणेही नव्हे. का आवडले, का नाही, हे कारणासह सांगता येणे म्हणजे परीक्षण. हे ज्याला गाण्याबाबत जमले त्याला व्हॉट्सअॅपवर आलेल्या मजकुराबाबतही जमते.

नवे आवाज शोधायचे कुठे?

मोबाइल स्वतःहून जे पुढे करतो ते आधीच गाजलेले असते. म्हणून आम्ही मुलांना काही साधे मार्ग सांगितले आहेत. आवडलेल्या गाण्याखाली लिहिलेली नावे वाचा. शब्द कोणाचे, बीट कोणाचा, सोबत कोण गायले. एका नावावरून दुसरे नाव सापडते. गाण्याऐवजी गावाचे नाव टाकून शोधा. मालेगाव, भिवंडी, मुंब्रा, मिरज, सोलापूर. आपल्या बोलीत कोण काय म्हणते ते ऐका. मिरजेचे नाव आम्ही मुद्दाम घेतले. तिथल्या मुस्लिम कारागिरांच्या सतारी आणि तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ तिथल्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी दरवर्षी गायक-वादक हजेरी लावतात. आपल्या इतिहासात गाणे कुठे कुठे आहे, हे मुलांना ठाऊक असावे.

बारामतीत विद्या प्रतिष्ठानची वसुंधरा वाहिनी आणि कृषी विज्ञान केंद्राची शारदा कृषी वाहिनी ही सामुदायिक रेडिओ केंद्रे आहेत. असा रेडिओ स्थानिक आवाजांसाठीच असतो. आपल्या मुलामुलींपैकी कोणी चांगले लिहीत असेल तर तिथे विचारणा करावी. आणि एखादा स्वतंत्र कलाकार आवडला तर त्याचे गाणे त्याच्याच चॅनेलवर ऐकावे, दुसऱ्याने उचलून टाकलेले नव्हे. पुढे पाठवताना त्याचे नाव लिहावे. ज्याचे कष्ट त्याला मोबदला, हा तर आपल्या दीनचाच दंडक आहे.

सर्वांत नवा आवाज मात्र बहुतेक वेळा आपल्या घरातच असतो. तो रात्री पांघरुणात तोंड घालून पुटपुटत असतो किंवा वहीच्या मागच्या पानावर लिहीत असतो.

गेल्या ईदला तो मुलगा, आता तरुण झालेला, शिरखुर्मा खायला आमच्या घरी आला होता. आम्ही बोलावले होते. सर्वांसमोर आम्ही त्याला सांगितले, 'त्या वेळी आमचं चुकलं. वही वाचायला हवी होती.' तो संकोचला. 'जाऊ द्या ना सर,' म्हणाला. वही कुठे आहे विचारले तर घर बदलताना रद्दीत गेली म्हणाला. आमच्या मुलीने आपली शुक्रवारची वही त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती चाळली, दोन परीक्षणे वाचून हसला आणि एका ठिकाणी पेन मागून घेतले. आमच्या मुलाने लिहिलेल्या एका ओळीत एक शब्द खोडून त्याने दुसरा लिहिला. 'इथं मात्रा जास्त होतीय,' एवढेच बोलला.

त्याचे म्हणणे बरोबर होते. पुन्हा कधी येशील विचारले, तेव्हा 'बघू, शिफ्ट असते,' म्हणाला. त्याची वही परत येणार नाही. पण तुमच्या घरातली वही अजून शाबूत असेल. आज रात्री ती मागा, ओरडायला नव्हे, वाचायला. अल्लाह आपल्या मुलांच्या जिभेवर सत्य ठेवो आणि आपल्या कानांना ते ऐकण्याचा सब्र देवो. आमीन.